चाकामागचा दगड

आमच्या गाडीची मागची दोन्ही चाकं नऊ वर्षं जाम होती. ती मी जाम केली होती. हे आधीच सांगून टाकते.

गाडी म्हणजे पांढरी अॅम्बॅसिडर. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती जुनीच विकत घेतली आणि भाड्याला चालवली. घोडेगावपासून नगरपर्यंत आमच्या मंडळीतल्या किती नवऱ्या त्या गाडीतून चर्चला गेल्या, त्याला गणती नाही. पांढऱ्या साडीतली नवरी पांढऱ्या गाडीतून उतरली पाहिजे, असं लोकांना वाटायचं. मालक गाडीला झेंडूचा हार घालू द्यायचे नाहीत, पिवळे डाग पडतात म्हणून. पांढरी शेवंती चालायची.

गाडीचं काम निघालं की उजेडाला बॅटरी धरायला मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पान्यांवरचे आकडे वाचायला तेवढं पुरलं. "चौदाचा दे" म्हटलं की चौदाचाच द्यायचे. चुकले की मालक म्हणायचे, "बायबल वाचती अन् पाना वाचता येईना व्हय?"

एक नियम मालकांनी मला शिकवला होता. पावसाळ्यात, किंवा गाडी धुतल्यावर, ती उभी करायची तर हँडब्रेक लावायचा नाही. मागच्या चाकाला दगड लावायचा. मागच्या चाकात बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक गोल पातेलं असतं, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत दोन कमानी असतात आणि कमानींवर लायनरची पट्टी. हँडब्रेक ओढला की कमानी पसरतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात. ओलं असताना बरेच दिवस धरून ठेवलं, तर गंज चढतो आणि लायनर ड्रमला चिकटून बसतं. मग कितीही रेटा, चाक फिरत नाही. आमच्या शेडची जमीन अंगणाकडं उतरती आहे, म्हणून दगड लागायचाच. काळा, पाट्याएवढा दगड होता. गाडी बाहेर निघाली की मालक तो उचलून डिकीत टाकायचे, आणि परत आले की पहिल्यांदा तो काढून चाकामागं लावायचे.

नऊ वर्षांपूर्वी मालकांची नजर गेली. पूर्ण नाही, कडेकडेनं. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. घोडेगावच्या बाजारावरून येताना त्यांनी एक शेळी उडवली. मी शेजारी बसले होते. शेळी डाव्या बाजूनं आली, चांगली सावकाश आली, तरी त्यांनी ब्रेक दाबला नाही. शेळीच्या मालकाला पैसे देऊन सुटलो. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला दिसली हुती. तीच आडवी आली." शेळीच्या जागी पोर असतं तर, असं मी म्हणाले. त्यांनी रेडिओ लावला.

नगरच्या डॉक्टरनं गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. मालकांनी ते कुणाला सांगितलं नाही आणि मलाही ताकीद दिली. पुढच्या महिन्यात मंडळीतल्या एका मुलीचं लग्न होतं. तिच्या आईला यांनीच नवरी म्हणून नेलं होतं. आता लेकीलाही मीच नेणार, असा शब्द देऊन बसले होते.

गाडीची कामं त्यांचे एक मित्र करायचे. स्टँडजवळ कडुलिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. दोघं एका शाळेत शिकलेले, चर्चमध्ये एकाच बाकावर बसणारे. मी त्यांना भावजी म्हणते. लग्नासाठी म्हणून भावजींनी मागच्या चाकांना नवीन लायनर घालून दिलं. गाडी घरी आली, मालकांनी धुतली, दगड लावला, आणि डोळ्यांच्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला आमच्या लेकीकडं पुण्याला गेले. आठ दिवस तिकडं राहणार होते. पाऊस लागून राहिला होता.

ते गेले त्याच दुपारी मी गाडीत बसले आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढला. होता नव्हता तेवढा जोर लावला. दगड काढून भिंतीकडेला टाकला. दगड तसाच ठेवला असता तर गाडी कशानं थांबलीय ते मला कळलं नसतं. बादलीभर पाणी आणून दोन्ही मागच्या चाकांवर, आत जाईल असं, ओतलं. रोज ओतलं. मालक यायच्या दिवशी, लग्नाच्या आदल्या सकाळी, हँडब्रेक खाली केला. गाडी उतारावर, चाकामागं काही नाही, आणि ती तसूभर हलली नाही. मला बरं वाटलं. दगड परत जागेवर ठेवायचं मात्र डोक्यातून गेलं.

मी एवढाच विचार केला होता की गाडी निघणार नाही, मालक चिडतील, लग्नाला दुसरी गाडी जाईल, आणि हळूहळू यांची सवय सुटेल. दुसऱ्या कुणाचं काय होईल, तिकडं माझं डोकं गेलंच नाही.

लग्नाच्या सकाळी मालक कोट घालून गाडीत बसले. चाकामागं दगड नाही, हे त्यांना दिसलंच नाही. इंजीन चालू झालं. गिअर टाकला की गाडी नुसती कण्हायची आणि बंद पडायची. चार माणसांनी रेटा दिला. चाकं फिरेनात. नवरीचं घर आमच्या शेजारच्याच आळीत, तेव्हा तिचा बाप, मामा, करवल्या, सगळं वऱ्हाड आमच्या अंगणात आलं. भावजीही लग्नासाठीच इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

मालक सगळ्यांसमोर त्यांच्यावर तुटून पडले. "नवीन लायनर घातलंस म्हनतोस अन् चाक फिरंना! काय घातलंस रं आत? शेन?"

भावजी पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली निजले. नवरीचा मामा म्हणाला, "आता नवरीला पाठंगुळी न्यायची का?" सगळे हसले. तो पुन्हा म्हणाला, "मेस्त्रीलाच पाठंगुळी न्यायला लावा." पुन्हा हसले.

भावजी बाहेर आले. कपडे चिखलानं भरलेले. ते उभं राहताना त्यांची नजर भिंतीकडेच्या दगडावर गेली. दगड पागोळ्यांखाली होता, अर्धा मातीत रुतलेला. तो तिथं एका दिवसात रुतलेला नव्हता, हे बघणाऱ्याला कळत होतं. भावजींनी दगडाकडं बघितलं, मग मालकांकडं बघितलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. लायनर जाड बसलं."

मी तिथंच उभी होते, हातात शेवंतीचे हार घेऊन. तेव्हा बोलायचं होतं. मी मालकांना घाबरत होते असं कुणी समजू नये. मी त्यांना कधीच घाबरले नाही. मला ते सोयीचं होतं. गाडी थांबली होती आणि माझं नाव कुठंच आलं नव्हतं.

नवरी डेअरीच्या टेम्पोतून चर्चला गेली. दुधाचे कॅन उतरवून आत खुर्ची ठेवली. ती गोष्ट गावभर झाली. पुढं कुणी भावजींकडं गाडी घेऊन निघालं की लोक म्हणायचे, "जा, जा. येताना दुधाच्या टेम्पोतून ये." हसण्यावारीच म्हणायचे. पण गाड्या कमी होत गेल्या. दोन वर्षांत गॅरेजच्या जागी सायकलींचं पंक्चर काढणं उरलं. भावजी चर्चला यायचे बंद झाले.

ड्रम मी मोकळे करून देतो, असा त्यांनी दोनदा निरोप पाठवला. मालक म्हणाले, "त्याचा हात माझ्या गाडीला लागता कामा न्हाई." दुसऱ्या कुणालाही त्यांनी गाडीखाली जाऊ दिलं नाही. गाडी शेडमध्ये आणि हे ओट्यावर. मला हवं होतं तेच झालं होतं.

तीन वर्षांनी मालक अंथरुणाला खिळले. शेवटच्या आठवड्यात मी विचारलं, "भावजींना बोलवू का?"

ते म्हणाले, "त्यानं माझी गाडी मारली."

तेव्हाही बोलायचं होतं. मी त्यांची उशी सरळ केली. मालक गेले, मातीला भावजी आले. सगळ्यांनी माती दिल्यावर शेवटी पुढं झाले, मूठभर माती टाकली आणि निघून गेले.

यंदा लेकीनं गाडीला गिऱ्हाईक शोधलं. नाशिकचा एक माणूस जुन्या गाड्या नीट करून ठेवतो. त्याची अट एकच, गाडी चाकांवर फिरली पाहिजे. नगरहून दोन मेकॅनिक आले. त्यांनी चाकं काढली, ड्रम ठोकले, मोठ्या पुलरनं ओढून बघितले. ड्रम जागचे हलले नाहीत. "आजी, फोडावा लागेल," म्हणाले. बीडाचा ड्रम एकदा फुटला की जोडता येत नाही, आणि तसला नवा आता मिळत नाही. मी त्यांना चहा पाजून घालवलं आणि भावजींच्या घरी गेले.

ते दारात सायकलची ट्यूब घासत बसले होते.

"सलाम, भावजी."

"सलाम. कोन मेलं?"

"कोन न्हाई. गाडीचे ड्रम निघंनात."

"ते माझ्याच हातचं काम हाय. खराब."

"म्हनून तर तुमच्याकडं आले."

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे बघत म्हणाले, "त्याला चाललं नसतं."

"ते आता कुठं बघायला हायेत?"

दुसऱ्या दिवशी आले. वय पंच्याहत्तरीचं. खाली बसायला त्रास होतो, म्हणून पोत्यावर आडवेच झाले. आधी काही ठोकलं नाही. ड्रमच्या कडेकडेनं आणि स्क्रूंवर डिझेल सोडलं आणि मला सांगितलं, "तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ घालायचं. थेंब थेंब. बादलीनं न्हाई."

ते सहज बोलले. मी मात्र ओट्यावरची बादली उचलून आत नेली.

चौथ्या दिवशी काम सुरू झालं. मी बॅटरी धरली. हँडब्रेकची गंजलेली केबल त्यांनी आधी कापली. मागून कमानी आवळणारा ब्रेकचा अॅडजस्टर एकेक दात सैल केला. तो चार वेळा अडकला आणि चारही वेळा त्यांनी डिझेल टाकून वाट बघितली. ड्रमचे दोन स्क्रू छिन्नीनं फिरवले. मग लहान हातोडीनं ड्रमच्या कडेवर टकटक करत गोल फिरू लागले. जोर नाही, नुसती टकटक. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. आवाज बद्द येत होता. तासाभरानं एका बाजूचा आवाज बदलला, जरा खणकला. "सुटतंय," म्हणाले. पुलर लावला, थोडा आवळला, पुन्हा टकटक. आवळायचं, वाजवायचं, थांबायचं. दुपारी डावा ड्रम एकदम तडकल्यासारखा आवाज करून मोकळा झाला आणि त्यांच्या हातात आला.

आत लाल गंजाचा भुगा. एक लायनर कमानीपासून सुटून ड्रमलाच चिकटून राहिलं होतं, झाडाची साल चिकटावी तसं. भावजींनी ते पटाशीनं उचकटलं, फडक्यानं पुसलं आणि दोन बोटांत धरून जाडी बघितली. इकडून बघितली, तिकडून बघितली.

"बरूबर बसवलं हुतं मी," ते म्हणाले. मला नव्हे, लायनरला सांगितल्यासारखं.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, आता तो न्हाई, म्हनून सांगतो. त्या दिवशी दगड भिंतीपाशी पडला हुता. आठ दिस तरी तिथंच हुता. म्हंजी पुन्याला जाताना हा दगड इसरला अन् हँडब्रेक ओढून गेला. चाळीस वर्षं मला शिकवनारा मानूस ते इसरला! मी म्हनलं, याचं डोकं चाललं. आता एवढ्या लोकांत कसं बोलू? डोकं गेलेल्या ड्रायवरच्या गाडीत कोन लेक बसवनार? त्यापरीस माझं नाव जाऊ दे. मेस्त्रीचं काय, चुकतोच मेस्त्री."

नऊ वर्षं मी समजत होते की भावजींना दगडावरून संशय आला असेल तो माझा. ते गप्प बसले ते मला वाचवायला, किंवा भांडण नको म्हणून, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

बॅटरी चालूच होती. मी ती बंद केली.

"भावजी, दगड मी काढला. हँडब्रेक मी ओढला. पानी पन मीच ओतलं."

त्यांनी लायनर खाली ठेवलं.

"का?"

"त्यांना दिसत नव्हतं. डॉक्टरनं गाडी बंद करा सांगितलं हुतं. ऐकत नव्हते."

"मला का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी ताकीद दिली हुती."

"ताकीद!" ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "लायनर घालायला गाडी माझ्या दारात हुती की! एक शब्द टाकला असता, तर पार्ट मिळंना म्हनून मी सहा महिने चाकं काढून ठिवली असती. शिव्या मी खाल्ल्या असत्या, पन जानूनबुजून खाल्ल्या असत्या."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही नाही. इतकं सोपं होतं.

"म्हंजी त्याचं डोकं ठिकानावर हुतं," ते म्हणाले.

"शेवटपर्यंत."

"अन् मी त्याला येडा समजून गप ऱ्हायलो. भांडायचं हुतं मला त्याच्याशी. चांगलं गच्ची धरून भांडलो असतो, तर दोन दिसांत आमचं मिटलं असतं."

त्यांनी हत्यारं पोत्यात भरली. मी चहा टाकते म्हणाले. ते फाटकाबाहेर गेले होते. उजवा ड्रम तसाच राहिला.

दोन दिवस आले नाहीत. मी बोलवायला गेले नाही. काय तोंडानं जाणार?

रविवारी चर्चमध्ये साक्षी असतात. कुणाचा ताप उतरला, कुणाचा मुलगा पास झाला, लोक उभं राहून प्रभूचे आभार मानतात. मी उभी राहिले. आभार मानायसारखं माझ्याकडं काही नव्हतं. मी सांगितलं, "नऊ वर्षांमागं आमच्या अंगणात ह्या मंडळीनं एका मेस्त्रीला हसून घेतलं. त्यांचं काम चोख हुतं. चाकं मी जाम केली हुती, मुद्दाम. मालकांना दिसत नव्हतं म्हनून. मेस्त्रींनी मालकांची अब्रू राखायला दोष अंगावर घेतला. मी बघत उभी हुते. एवढंच."

मागून कुणीतरी सवयीनं "आमेन" म्हणालं. पाळकसाहेबांनी घाईनं गीत सांगितलं.

बाहेर बायका जमल्या. "कशाला बोलायचं आता? झालं गेलं," एक म्हणाली. त्या दिवशीची नवरी सुट्टीला माहेरी आलेली होती, दोन पोरांना घेऊन. ती म्हणाली, "मावशी, मला तर बाई त्या टेम्पोचीच मज्जा वाटली हुती." तिचा मामा फाटकातून निघाला होता. मी त्याला अडवलं.

"तुमी सगळ्यांच्या आधी हसला हुता. जाऊन सांगून या त्यांना."

"मावशी, नऊ वर्षं झाली की!"

"मग? हसलेलं शिळं झालं का?"

तो गेला की नाही, मला ठाऊक नाही. पण कुणीतरी गेलं असणार, कारण बुधवारी सकाळी भावजी पोतं घेऊन शेडमध्ये आले. सलाम केला नाही. आडवे झाले आणि म्हणाले, "बॅटरी."

मी धरली. उजवा ड्रम डाव्यापेक्षा हट्टी निघाला. त्यांना ज्योतीचा ब्लोलॅम्प आणून ड्रम तापवावा लागला. चार वाजता तो निघाला. दोघांत त्या दिवशी "चौदाचा", "फडकं", "जरा वर धरा" याच्यापुढं शब्द झाला नाही. त्यांनी कमानी घासल्या, पसरू नयेत म्हणून जागेवर बांधून ठेवल्या, ड्रम पुन्हा बसवले, चाकं चढवली. हातानं फिरवलं तर चाक भिरभिर फिरलं. लायनर नव्या मालकानं घालावं, म्हणाले.

जॅक खाली करू लागले आणि चाक जमिनीला टेकलं तशी गाडी आपोआप मागं निघाली.

"दगड!" ते माझ्यावर ओरडले.

दगड त्या भिंतीपाशीच होता. मी तो कधी हलवला नव्हता. मातीतून उपसून काढला, धावत जाऊन चाकामागं सरकवला. गाडी थांबली.

मी चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला नाही, बॉनेटकडं बोट केलं. मी तिथं ठेवला. ते हत्यारं भरत होते.

"रविवारी चर्चला याल का?" मी विचारलं.

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. वाकून चाकाकडं बघितलं.

"दगड नीट लावा," म्हणाले. "तिरपा बसलाय."

ते गेल्यावर मी दगड सरळ केला. चहावर साय धरली होती.